उजव्या चपलेचं टोक

वर्ध्याच्या आर्वी नाक्याजवळ, कडुनिंबाच्या सावलीत, एक काका चपला शिवायला बसायचे. गोणपाटावर मांडलेली रापी, आरी, लोखंडी पाय, सोल्यूशनचा डबा आणि खोडाला टेकवलेली सायकल, एवढंच त्यांचं दुकान. आर्वी रस्त्यावरच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बस तिथंच पकडायची, म्हणून ओळख. तुटलेला अंगठा, उसवलेला पट्टा, यापलीकडे आमच्यात बोलणं होत नसे. पण आज मी पायांवर उभी राहून वर्ग घेते, त्याला ज्या माणसांचे हात लागले त्यांत पहिला हात या काकांचा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते त्यांना रुचलं नसतं.

काकांचे वडील नालवाडीच्या चर्मालयात होते. गांधीजी वर्ध्याला राहायला आले त्या काळात गोपाळराव वाळुंजकरांनी नालवाडीत मेलेल्या गुरांचं कातडं कमावण्याचं काम उभं केलं होतं. कत्तलीच्या जनावराचं चामडं तिथं चालत नसे. वडिलांकडून काकांकडे हत्यारं आली आणि एक शिस्त आली, की चप्पल हातात आली म्हणजे आधी ती उलटी करून तळ पाहायचा. शिवायचं काम त्यानंतर.

त्यांच्या उमेदीची काही वर्षं कुष्ठरुग्णांच्या चपला करण्यात गेली होती. हे वर्ध्यातच घडू शकतं. मनोहर दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग झाला असताना गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केलं. परचुरे शास्त्रींची कुटी आजही तिथं आहे. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान १९५१ मध्ये निघालं, तेही वर्ध्यातच. त्यामुळे या गावात पावलाचा बधिरपणा, लुळं पडलेलं पाऊल, न कळत झालेली जखम या गोष्टी डॉक्टरांइतक्याच चपला करणाऱ्यांनाही ठाऊक होत्या. बधिर पावलाच्या चपलेत खिळा चालत नाही, कारण तो वर आला तरी माणसाला टोचत नाही आणि जखम चिघळते. तळाला मायक्रोसेल्युलर रबर लावायचं, सगळं शिवून आणि चिकटवून करायचं. काका हे शिकलेले होते.

माझी गोष्ट २०१३ ची. मी तेव्हा तिशी ओलांडलेली, मुलगी बालवाडीत. दरवर्षी २ ऑक्टोबरला आम्ही काही शिक्षक वर्ध्याहून सेवाग्रामला पायी जायचो. फार मोठं अंतर नाही. या जिल्ह्यात तर पायी चालण्याचं कौतुकही कुणी करत नाही. विनोबा १९५१ च्या सप्टेंबरमध्ये पवनारहून दिल्लीला पायी निघाले आणि पुढे तेरा वर्षं देशभर चालत राहिले, त्या पवनारच्या शेजारी राहणारी माणसं आम्ही. त्या वर्षी अर्ध्या वाटेनंतर माझं उजवं पाऊल सपाट डांबरावर अडकायला लागलं. खड्डा नाही, दगड नाही, तरी अंगठ्याजवळचं टोक रस्त्याला लागायचं. पुलाच्या कठड्यावर थोडा वेळ बसले की पाय पुन्हा पहिल्यासारखा. सोबतच्या बाई म्हणाल्या, दमली असशील.

मागे वळून पाहिलं की बाकीच्या गोष्टी एकेक करून दिसतात. जिना चढताना काही वाटायचं नाही, उतरताना मात्र कठड्याला हात जायचा. आंघोळीला डोळे मिटून तोंडावर पाणी घेतलं की अंग झुकायचं आणि भिंत धरावी लागायची. वह्या तपासताना मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायांपर्यंत करंट उतरल्यासारखं व्हायचं. प्रार्थनेच्या वेळी मैदानात उभं राहिलं की पाय ताठ व्हायचे. चालता चालता मुलीशी बोलायला लागले की वेग कमी व्हायचा, जणू बोलणं आणि चालणं या दोन्ही कामांना एकच माणूस नेमलेला होता. घरी सासूबाईंनी हिमोग्लोबिनसाठी बीट आणि खजूर सुरू केले. यांना वाटलं कंबरेची नस असेल. एका दवाखान्यात मला खोलीतल्या खोलीत चालून दाखवायला सांगितलं. त्या चार पावलांत माझी चाल खरोखर चांगली होती.

त्याच हिवाळ्यात चपलेचा पट्टा सुटला म्हणून काकांकडे बसले. त्यांनी सवयीप्रमाणे चपला उलट्या केल्या, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहत राहिले.

“बाई, ह्या कधी घेतल्या?”

“दिवाळीत, काका.”

“दोन्ही संगंच?”

डाव्या तळावरची नक्षी जशीच्या तशी होती. उजवीचं टोक, विशेषतः बाहेरच्या बाजूचं, आतला थर दिसेपर्यंत घासलं गेलं होतं. शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. काकांनी त्याचं काम आधी उरकलं, त्याला जाऊ दिलं, मग आवाज खाली आणून मला विचारलं, “राग मानू नका जी. पायाले बधिर वाटते का? अंगावर कुठं चट्टा हाये का?”

वर्ध्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे शाळकरी पोरालाही कळतं. माझे हात गार पडले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं असणार. चपला हातात तशाच धरून ते म्हणाले, “भिऊ नका. तो आजार नसंल. त्यायचा पाय आपटते, तुमचा घासते. पण सेवाग्रामले जाऊन दाखवा. अन् ह्या चपला संगं न्या.”

गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबणं, हे मला त्या प्रश्नाइतकंच मोठं वाटतं. असल्या शंकेचा उच्चार चारचौघांत झाला असता तर माझ्या शाळेपर्यंत तो कसा पोचला असता, हे मी सांगायला नको. आणि विचारलंच नसतं तर मी आणखी वर्षभर बीट खात बसले असते.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीत एका तरुण डॉक्टर मुलीने मला तपासलं. मी संकोचत चपला पुढे केल्या तेव्हा ती हसली नाही. तिने त्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, “चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली की तुम्हाला कळतं का?” निसटते आणि कळतं, मी म्हटलं, पण संध्याकाळी कधी कधी कळतही नाही. तिने ते लिहून घेतलं. या साध्या प्रश्नात किती अर्थ आहे ते तिनेच पुढे समजावलं. निसटल्याचं कळत असेल तर पाऊल उचलणारी ताकद कमी आहे. कळतच नसेल तर स्पर्शाची आणि पाऊल कुठं आहे हे सांगणारी जाणीव कमी आहे. माझ्यात दोन्ही थोडं थोडं होतं.

तिने आधी कुष्ठरोगाचीच शंका तपासली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाला वळसा घालून जाणारी नस बोटांनी चाचपली. कुष्ठरोगात ती जाड होते. ती ठीक होती, त्वचेवर चट्टा नव्हता. मग गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय झटक्याने वर उडाला. तळव्यावर किल्लीने रेघ ओढली तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर गेला. कंप पावणारा चिमटा अंगठ्यावर ठेवला तर त्याची थरथर मला जेमतेम कळली. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले आणि मी झुकले. न्हाणीघरात व्हायचं तेच. शेवटी तिने मला खोलीबाहेर आणलं आणि ओपीडीच्या लांब व्हरांड्यात, पाय अडकेपर्यंत, फेऱ्या मारायला लावल्या. कितव्या तरी फेरीला पाऊल घासलं. ती माझ्या मागे मागे चालत होती.

काकांचं वाक्य तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरोबर सांगितलं त्यांनी.” कुष्ठरोगात बिघाड पायाच्या नसेत असतो, म्हणून पाऊल लुळं पडतं. माणूस गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फट्कन जमिनीवर आपटतं. माझा बिघाड वर, मज्जारज्जूत होता. तिथं पाय लुळा न पडता ताठरतो, गुडघा पुरेसा वाकत नाही, घोटा वर उचलत नाही आणि टोक घासत जातं. दोन्हीकडे पाऊल पडतं, पण चपलेवरच्या खुणा वेगळ्या.

पुढच्या तपासण्यांना महिना लागला. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय, पाठीतलं पाणी, बी-१२, आणि हुबेहूब असाच दिसणारा दुसरा आजार नाही ना यासाठी रक्ताची वेगळी तपासणी. दोन वर्षांपूर्वी माझा डावा डोळा काही आठवडे धूसर झाला होता आणि आपोआप सुधारला होता, ते या वेळी कुणीतरी पहिल्यांदा विचारलं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी झालेला हल्ला: निदान याच दोन गोष्टींवर उभं राहतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. आजाराचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं होतं. आपल्याकडे तो तुलनेने कमी, बहुतेक तरुण वयात येणारा आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होणारा. मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी पारशी समाजात त्याचं प्रमाण अधिक असल्याचं १९९० मध्ये दाखवलं. मी ना पारशी, ना कुणा नातेवाइकाला तो झालेला.

मेंदूतून निघालेला ‘पाऊल उचल’ हा हुकूम मज्जारज्जूतून खाली जातो. ज्या तंतूंतून तो जातो त्यांच्यावर मायलिनचं वेष्टन असतं, त्यामुळे तो वेगाने पोचतो. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा त्या वेष्टनावरच हल्ला करते. वेष्टन उसवलेल्या ठिकाणी हुकूम रेंगाळतो, कधी वाटेत विरतो. पायाकडे जाणारे तंतू सर्वांत लांब, म्हणून वाटेत कुठेही उसवलं तरी त्याचा त्रास पायाला. आरंभी नुकसान थोडं असतं. पहिला फर्लांगभर काम निभतं, मग थकलेला तंतू हुकूम सोडायला लागतो. दहा मिनिटं बसलं की तो सावरतो. म्हणूनच रुग्ण आरशासमोर नीट चालतो, दवाखान्यात नीट चालतो आणि बाजारातून परत येताना धडपडतो. घरच्यांना ते आळस किंवा बहाणा वाटतं. आजार अगदी हलका असतानाही पावलं आखूड होतात, वेग किंचित उतरतो आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा वेळ वाढतो, हे मोजमापांतून दिसून आलेलं आहे. डोळ्यांना ते दिसत नाही. माझ्या चपलेने तीन महिन्यांचं चालणं साठवून ठेवलं होतं, आणि ते वाचता येणारा माणूस आर्वी नाक्यावर बसला होता.

सलाइनमधून स्टिरॉइडचे डोस झाले, पाय बराच सुटला, मग हल्ले कमी करणारं औषध नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली सुरू झालं. औषधांबद्दल जास्त लिहीत नाही. प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ती महाग आहेत. मला लिहायचं आहे ते फिजिओथेरपिस्ट ताईंबद्दल आणि पुन्हा काकांबद्दल.

ताईंनी जमिनीवर पट्टी चिकटवून पंचवीस फुटांचं अंतर आखलं होतं, साडेसात मीटरहून थोडंसं जास्त. दर भेटीला त्या अंतराला लागलेला वेळ त्या लिहायच्या. पोटरी ताणायचे व्यायाम, घोटा वर ओढायचे व्यायाम, एका पायावर उभं राहणं, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थकण्याआधी थांबणं. पाऊल वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी त्यांनी दिली. पण ती बुटात बसते, आणि मी साडी नेसून चपला घालणारी बाई. ताई म्हणाल्या, चपला करणारं कुणी ओळखीचं असेल तर घेऊन या.

काका आले. सायकलवरून सेवाग्रामपर्यंत आले. ताईंनी मला चालायला सांगितलं आणि दोघं जण खाली बसून माझी पावलं पाहत राहिले. एकीने शरीरशास्त्र शिकलेलं, एकाने चामडं. ताई सांगत होत्या घोटा किती वर हवा. काका विचारत होते, टाच किती उचलू, टोक किती गोल घेऊ. त्यानंतर त्यांनी जी सँडल केली ती मी आजही तशाच मापाने करून घेते: वजनाला हलकी, मागून पट्टा, समोर उघडणारी आणि वेल्क्रोने बंद होणारी, प्लास्टिकची पट्टी आत बसेल एवढी रुंद, टोक खालून वर वळलेलं म्हणजे जमिनीला अडकू नये. आत मायक्रोसेल्युलर रबर आणि एकही खिळा नाही. “तुमच्या तळव्याले पुरं कळत नाही ना जी, मंग खिळा कसा ठोकू?” कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी शिकलेली विद्या माझ्या पायाला आली. ज्या आजाराच्या नावाने मी त्या दिवशी गारठले होते, त्याच आजाराच्या माणसांनी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनी मिळवलेलं हे ज्ञान आहे, याची जाणीव मला त्या सँडलने दिली. दत्तपूरच्या रस्त्याने बस जाते तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडते.

मजुरी त्यांनी पूर्ण घेतली. जास्त देऊ केली तर परत केली. “मजुरी घेतो जी, उपकार नाही करत,” म्हणाले.

वर्ध्याचा उन्हाळा या आजाराला सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अंग तापलं की उसवलेल्या तंतूंतून हुकूम आणखीच अडतो. उष्णतेने किंवा श्रमाने लक्षणं तात्पुरती वाढतात हे उहथोफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये नोंदवलं होतं. हा नवा हल्ला नसतो. अंग थंड झालं की उतरतं. हे माहीत नव्हतं तेव्हा मी पहिल्या उन्हाळ्यात रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आता गळ्याभोवती ओला पंचा, कुलरसमोर अर्धा तास, आणि बाहेरची कामं सकाळी सातच्या आत. काका दुपारच्या बसला मला उतरताना पाहिलं की स्वतःची बसायची फळी पुढे सरकवायचे आणि माठातलं पाणी द्यायचे. मी पाच मिनिटं बसायचे. पाय सुटला की निघायचे. ते आपलं काम करत राहायचे, माझी विचारपूस करायचे नाहीत. आजारी माणसाला विचारपुशीचा किती शीण येतो हे त्यांना कुणी शिकवलं होतं, कुणास ठाऊक.

शाळेतही माणसं चांगली भेटली. मुख्याध्यापकांनी माझा वर्ग तळमजल्यावर आणला. सरकारी कागदावर मात्र माझं काय आहे ते लिहायला कित्येक वर्षं रकाना नव्हता. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचं नाव आलं. त्यामागे रुग्णांनीच चालवलेल्या चळवळीचं बळ आहे. रेहमत फझलभॉय यांनी, स्वतः या आजाराशी झुंजत असताना, १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचंही देणं माझ्या खात्यावर आहे.

काका काही वर्षांपूर्वी थंडीत गेले. मी शाळेत होते, संध्याकाळी उतरले तेव्हा कडुनिंबाखाली नुसतं गोणपाट होतं. घरी भेटायला गेले तर त्यांच्या मुलाने एक जुनी वही दाखवली. त्यात गिऱ्हाइकांची मापं होती आणि माझ्या पानावर दोन्ही पावलांची पेन्सिलने काढलेली आकृती. उजवीच्या टोकाशी बारीक रेघा. मुलगा आता त्याच जागी बसतो. तोही आधी तळ पाहतो.

आमच्या शाळेत पोरं चपला दाराबाहेर काढून ठेवतात. वर्गात शिरण्याआधी त्या रांगेवर नजर टाकायची सवय मला लागली आहे.

हे वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या कुणाचं पाऊल चालून चालून अडखळू लागलं, एकाच पायाची चप्पल टोकाला झिजू लागली, डोळे मिटल्यावर तोल जाऊ लागला, तर अशक्तपणा म्हणून थांबू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. जाताना पायात रोजच्या वापरातली जुनी चप्पल घाला आणि ती काढून त्यांच्यापुढे ठेवायला लाजू नका. आणि डॉक्टर मंडळींनो, रुग्णाला खोलीत चार पावलं चालवून सोडू नका. व्हरांड्यात न्या, थकेपर्यंत चालवा, आणि त्याच्या मागे मागे चाला.